तुम्ही यांचे कोण?

दवाखान्याच्या खिडकीपाशी हा प्रश्न आपल्या भागात दोन भाषांत येतो. 'तुम्ही यांचे कोण?' किंवा 'नीवु अवरिगे एनागबेकु?' नवरा, बायको, मुलगा म्हटले की काम भागते. पण लग्न न करता एकत्र राहणाऱ्यांनी काय सांगावे?

माझ्या परिचयाचे असे एक जोडपे आहे. ते मराठी, त्या कन्नड; दोघांनीही साठी ओलांडलेली, दोघांचेही पहिले जोडीदार वारलेले. पेन्शन आणि वाटण्यांचा गुंता नको म्हणून त्यांनी लग्न केले नाही. काकांच्या गोळ्यांच्या वेळा काकूंना पाठ आहेत. परगावच्या मुलाला गोळ्यांची नावेही ठाऊक नाहीत. उद्या काकांची शुद्ध हरपली, तर सही मात्र मुलाचीच मागितली जाईल.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने 'विवाहासारखे संबंध' मानले, पण उपचारांना संमती देण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. अर्थात सज्ञान, शुद्धीवरच्या माणसाची संमती त्याची स्वतःचीच. २००८ साली समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भूल दिलेल्या सज्ञान मुलीऐवजी आईची घेतलेली संमती अमान्य ठरवली. जीव धोक्यात असेल, तर डॉक्टरांना सहीसाठी थांबावे लागत नाही.

बरे होण्याची आशा संपल्यावरचे उपचार कसे व्हावेत, हे आधीच लिहून ठेवता येते. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे 'लिव्हिंग विल' मान्य केले आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे होतात. आपल्या वतीने निर्णय देणाऱ्या पालकाचे किंवा नातेवाइकाचे नाव त्यात घालायचे असते. जोडीदाराचे नाव पालक म्हणून स्पष्ट लिहावे. कर्नाटक सरकारने जानेवारी २०२५ मध्ये याच्या अंमलबजावणीचे परिपत्रक काढले. मानसिक आजारासाठी २०१७ च्या कायद्याने साध्या कागदावर प्रतिनिधी नेमता येतो. तो नात्यातलाच हवा असे नाही.

नेहमीच्या शस्त्रक्रियेचे काय? दाखल होतानाच 'माझी शुद्ध नसेल तर यांना विचारा' असे लिहून सही करावी. डॉक्टरांवर ते बंधनकारक नसेल, पण रुग्णाची इच्छा तरी त्यांना कळते.

हे कागद मराठी आणि कन्नड दोन्हींत करावेत, एक प्रत घरच्या डॉक्टरांकडे द्यावी. आणि मुलांना आधी सांगावे. दवाखान्याच्या व्हरांड्यात कळण्यापेक्षा घरी चहा पिताना कळलेले बरे.