मुलांना कॉलेजसाठी गाडी घेताय?

दहावीचा निकाल लागला, पेढे वाटून झाले, की घरोघरी एकच विषय निघतो. “आई, कॉलेजला जायला गाडी हवी!” लिंबागणेशसारख्या गावातून बीडच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलांच्या घरी तर तो हमखास निघतो. एसटी चुकली की पहिला तास बुडतो. तेव्हा हट्ट अगदीच खोटा नाही. पण मांजरसुंब्याचा घाट आणि महामार्गावरचे ट्रक आठवा, आणि भगिनींनो, जरा थांबा.

पहिली गोष्ट वयाची. अकरावीतलं मूल सोळा-सतराचं असतं. या वयात परवाना मिळतो तो फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा. आपल्याकडच्या बहुतेक स्कूटर ११० किंवा १२५ सीसीच्या, म्हणजे अठरा पूर्ण झाल्याशिवाय त्या चालवता येत नाहीत. “गावातल्या गावात चालतं हो,” असं म्हणू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा वेळी पालकांनाच तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. शिवाय त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. तोवर एसटी आहेच! खेड्यातून शिकायला येणाऱ्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत पास मोफत मिळतो.

अठरा पूर्ण झाली, परवाना हाती आला, की मग खुशाल गाडी पाहा. रंग मुलीला निवडू द्या, ब्रेक तुम्ही पाहा. सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतात ना? जुनी गाडी घेत असाल तर शक्यतो एप्रिल २०१९ नंतरची घ्या. तेव्हापासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागणारी सोय सक्तीची झाली. त्याहून मोठ्या गाड्यांना एबीएस. चारचाकी घेणार असाल तर जुलै २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांत चालकासाठी एअरबॅग असतेच.

जुनी गाडी ओळखीच्या मेकॅनिकला दाखवा. टायर गुळगुळीत झालेत का? सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते का? ओढत असेल तर ती कधीतरी आपटलेली असू शकते. आर.सी. बुकातला चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून पाहा, विम्याची तारीख वाचा. आणि “करू नंतर” न म्हणता फॉर्म २९ व ३० भरून गाडी लगेच नावावर करून घ्या.

घासाघीस करून चार पैसे वाचले, तर ते हेल्मेटला घाला. आय.एस.आय. मार्क पाहा, पट्टा हनुवटीखाली नीट बसतो का पाहा. मागे मैत्रीण बसणार असेल तर दोन घ्या. पहिले काही दिवस घाटात एकटीला पाठवू नका. वडील किंवा दादा सोबत असू द्या.

नवी गाडी भालचंद्र गणेशाच्या देवळापुढे उभी करून हार घाला, नारळ फोडा. पण निघताना हेल्मेटचा पट्टा लावलाय का, हे मात्र रोज दारात उभं राहून पाहा. सुरुवातीला मुलगी कुरकुर करील. करू दे! संध्याकाळी तिची गाडी अंगणात थांबल्याचा आवाज ऐकला, की आपल्या जिवाला जे बरं वाटतं, त्यापुढे ती कुरकुर काहीच नाही.