बेरीज चुकते कुठे?

हिशेबाचा पहिला प्रोग्राम लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला १९९८ साली आलेले व्हिज्युअल बेसिक ६ हमखास चकवते : एका चौकटीत ४०, दुसरीत ३५ आणि बेरीज ४०३५! यंत्र बिघडलेले नसते. टेक्स्टबॉक्समधील मजकूर संगणकाच्या लेखी निव्वळ अक्षरे असतो. अधिक चिन्ह ती शेजारीशेजारी जोडते. म्हणून आधी त्याचे संख्येत रूपांतर करावे लागते. त्यासाठी 'व्हॅल' हे फंक्शन सर्रास सुचवले जाते. पण ते स्वल्पविरामापाशी थांबते. शुल्क '१,२००' असे लिहिले, तर हाती उरतो १, आणि चूक झाल्याची सूचनाही मिळत नाही. पालकांच्या पावतीवर असा एक रुपया उमटला, तर दोष कारकुनाच्या माथी येतो. 'इझन्यूमरिक'ने तपासून 'सीकर'ने रूपांतर करणे अधिक सुरक्षित. रिकामी चौकटही त्या तपासणीतच अडते.