होडी थोडी अलीकडेच थांबवा

भिगवणची सहल सुट्टीच्या सोयीने ठरत नाही. ती उजनी धरणातील पाण्याच्या पातळीवर ठरते. पावसाळ्यानंतर जलाशय काठोकाठ भरलेला असला की रोहित पक्ष्यांना, म्हणजेच फ्लेमिंगोंना, उभे राहून चरण्याजोगी उथळ जागाच फारशी उरत नाही. पुढे शेतीला पाणी सुटते, काठाने चिखलाच्या पट्ट्या उघड्या पडू लागतात आणि हिवाळा सरता सरता कुंभारगाव, डिकसळ या गावांच्या परिसरात पांढरे-गुलाबी थवे उतरतात. म्हणून पुण्यातील हौशी छायाचित्रकारांच्या एका लहानशा गटात डिसेंबर उजाडला की एकच प्रश्न घोळू लागतो : पाणी किती उतरले?

गट दहा-अकरा जणांचा. त्यांत दोघे कापडाचे व्यापारी, एक भांड्यांचे, एक करसल्लागार, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, दोन गृहिणी आणि महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी. कॅमेऱ्यावर पोट भरणारा कोणीही नाही. सगळ्यांना एकाच दिवशी मोकळीक मिळणे कठीण. लग्नसराईत कापडवाल्यांना, मार्चअखेरीस करसल्लागारांना श्वास घ्यायला फुरसत नसते. तरी महिन्यातून एक पहाट हा गट कशीबशी राखून ठेवतो.

प्रत्येक सहलीची सूत्रे एकेकाकडे पाळीपाळीने येतात. ज्याची पाळी असेल त्याने होडीवाल्याला दोन दिवस आधी फोन करायचा, थवा कोणत्या अंगाला बसतो आहे ते विचारायचे, सूर्य पाठीशी राहील अशा बेताने होडी कोठून सोडायची ते ठरवायचे आणि कोण कोणाच्या गाडीत बसणार याची यादी आदल्या रात्री सर्वांना धाडायची. एका होडीत चारांपेक्षा अधिक जण घ्यायचे नाहीत. पाचवा आला की कोणाचे तरी कोपर कोणाच्या तरी भिंगाला लागते. डिझेल, होडी आणि चहा-पोह्यांचा खर्च त्याच संध्याकाळी समसमान वाटला जातो. व्यापाऱ्यांचा गट असल्याने हिशेब कधी चुकत नाही. चुकते ती वेळ. साडेचारला निघायचे ठरले की पाच वाजतात, आणि पुणे-सोलापूर रस्त्यावरचे ते शंभरएक किलोमीटर कापेपर्यंत पहिले कोवळे ऊन हातचे गेलेले असते. यावर दर सहलीत वाद होतो आणि दर सहलीत तीच माणसे उशिरा येतात.

भीमा नदीवरील उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झाले. त्याच्या फुगवट्याखाली अनेक गावे गेली. पळसदेवचे जुने मंदिर पाणी फार ओसरले की आजही वर डोकावते. ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांच्यापैकी काहींची पुढची पिढी त्याच पाण्यात मासेमारी करू लागली, आणि आता त्यांच्यातील कित्येक जण पक्षी पाहायला येणाऱ्यांना होडीतून फिरवतात. त्यांची नजर विलक्षण तयार असते. दूरवरचा ठिपका हिमालय ओलांडून आलेला पट्टकादंब आहे की चित्रबलाक, हे ते दुर्बिणीवाचून सांगतात. काळ्या चोचीचे टोक पिवळे आणि बुडाशी दोन तांबडे ठिपके असलेल्या बदकाला ‘हळदी-कुंकू’ हे नाव शहरातून आलेल्या अनेकांनी प्रथम ऐकले ते होडीतच.

रोहित पक्ष्याचे छायाचित्र वरवर वाटते तितके सोपे नाही. पिसे पांढरी, पाणी चमकते. कॅमेऱ्याच्या मापकावर विसंबून राहिले तर एकतर पक्षी करपट दिसतो, नाहीतर पिसांचे सारे बारकावे पांढऱ्या डागात विरून जातात. नवशिक्यांची पहिली सहल बहुधा यातच खर्ची पडते. दुसरा धडा बसण्याचा. होडीत उभे राहून टिपलेला पक्षी पाण्यावर चिकटवल्यासारखा दिसतो. होडीच्या तळाशी मांडी घालून, कॅमेरा काठाच्या पातळीवर आणला की तोच पक्षी आपल्या प्रतिबिंबासह उभा राहतो. भांड्यांचे व्यापारी असलेले गटातील ज्येष्ठ काका साठी उलटल्यावरही तसे बसतात आणि परतताना दोघांनी हात दिल्याशिवाय त्यांना उठता येत नाही.

पण खरा मोह वेगळाच असतो. उभा असलेला रोहित दुरून फिकट, जवळजवळ पांढराच दिसतो. डोके उलटे करून तो चोचीने पाणी गाळत असतो, त्यामुळे कित्येकदा मानही नीट दिसत नाही. त्याच्या पंखांखालचा तेजस्वी लालिमा आणि काळी किनार उघड होते ती तो उडाल्यावर. जड अंगाचा हा पक्षी एकदम उडू शकत नाही. पाण्यावर धावत, पाय आपटत, पाण्याचे तुषार मागे सोडत तो वर चढतो. थवाच्या थवा असा उठतो तेव्हा होडीतल्या प्रत्येकाचे बोट कळीवर असते. ते दृश्य पक्षी आपल्या मर्जीने केव्हा दाखवतील याचा भरवसा नाही. होडी पुढे घातली तर मात्र ते हमखास मिळते.

सहलीनंतरच्या आठवड्यात गट एकत्र बसतो. ही बैठक कोणा एकाच्या घरी, जेवणे आटोपल्यावर होते. प्रत्येकाने चारच छायाचित्रे द्यायची. दोनशेंतून चार निवडणे हीच अर्धी शिकवण, असे काका म्हणतात. करसल्लागारांची मुलगी ती एकत्र करते आणि भिंतीवर दाखवते. कोणाचे कोणते हे शेवटपर्यंत सांगितले जात नाही. काढणाऱ्याने आपल्या छायाचित्राची तरफदारी करायची नाही. ‘छान’ आणि ‘अप्रतिम’ हे दोन शब्द वर्ज्य आहेत. डोळा प्रथम कोठे जातो, मग कोठे अडतो आणि काय काढून टाकले तर काहीच बिघडणार नाही, एवढेच बोलायचे. कापडवाल्यांना ही रीत लगेच साधली. ताग्याचा पोत पारखताना विणकराचे नाव कोण विचारतो?

छायाचित्रे अशी चारचौघांत मांडून पारखण्याची प्रथा या प्रांताला नवी नाही. फ्रान्समध्ये 1839 मध्ये छायाचित्रणाची कला जगासमोर आली आणि अवघ्या पंधरा वर्षांत, 1854 मध्ये, मुंबईत हौशी छायाचित्रकारांची संस्था उभी राहिली होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यात होते. तेव्हाचे ओझे मात्र निराळे : काचा, रसायने, तिपाई आणि उचलायला माणसे.

गेल्या फेब्रुवारीतील बैठकीत सत्ताविसावे छायाचित्र भिंतीवर आले आणि खोली गप्प झाली. साठ-सत्तर रोहित एकाच वेळी उठलेले, पंखांचा लाल पट्टा उजळून निघालेला, खाली तुषारांची रांगच्या रांग. तांत्रिक दृष्ट्या दोष काढायला जागा नव्हती. एका सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात गोठलेला प्रत्येक थेंब मोजता आला असता. कोणीतरी वर्ज्य शब्द उच्चारलाच.

मग गृहिणींपैकी एकीने शांतपणे विचारले, “हे सगळे आपल्याकडे पाठ करून का पळताहेत?”

प्रश्न साधा होता. थवा आपल्या मर्जीने उठतो तेव्हा तो बहुधा टप्प्याटप्प्याने उठतो. काही उडतात, काही चरतच राहतात. या छायाचित्रात एकही पक्षी मागे राहिला नव्हता. डाव्या कोपऱ्यात पाण्यावर एक तिरपी लाट होती. ती होडीची होती.

काढणाऱ्याने नियम मोडून तोंड उघडले. तो धाकटा कापडवाला होता. आपण होडीवाल्याला काहीच सांगितले नव्हते, त्याने आपण होऊन होडी आत घातली, असे त्याचे म्हणणे. ते खोटेही नव्हते. काकांनी मात्र त्याला विचारले, “आणि उतरताना त्याच्या हातावर वरचे पाचशे ठेवलेस ते कशाचे?”

वाद रंगला. एवढ्याने पक्ष्यांचे काय बिघडते, ते परत बसतातच की, असे दोघांचे मत पडले. निवृत्त गृहस्थांनी त्यांना हिशेबाच्याच भाषेत उत्तर दिले : एक होडी एकदा उडवते हे खरे, पण सुट्टीच्या दिवशी पाण्यात अनेक होड्या असतात, आणि चरायचा वेळ पक्ष्याला तोच सकाळचा. दर उड्डाणात जे खर्ची पडते ते त्याला चिखलातूनच पुन्हा गाळून मिळवायचे असते. करसल्लागारांनी कायद्याकडे बोट दाखवले. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत मारणे आणि पकडणे एवढेच येत नाही. वन्य प्राण्याला हाकलत नेणे आणि आमिष दाखवणे यांचाही तीत समावेश आहे. छायाचित्राच्या पायी कोणी कोणाला न्यायालयात खेचणार नव्हते. परंतु तो शब्द एकदा खोलीत उच्चारला गेल्यावर धाकट्याचा चेहरा उतरला.

ते छायाचित्र त्याला एका स्पर्धेत पाठवायचे होते. तेथेही वाट सरळ नव्हती. छायाचित्रणाच्या तीन मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी 2014 मध्ये निसर्ग-छायाचित्राची एकच व्याख्या मान्य केली. पक्ष्या-प्राण्याचे कुशल छायाचित्रापेक्षा महत्त्वाचे, हे तत्त्व त्या नियमांतच आहे. लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयाशी निगडित असलेल्या प्रख्यात स्पर्धेत 2009 चे सर्वोच्च पारितोषिक फाटकावरून झेपावणाऱ्या लांडग्याला मिळाले होते. लांडगा रानातला नसून माणसाळलेला असावा, असा निष्कर्ष परीक्षकांनी पुढे काढला आणि 2010 च्या आरंभी ते पारितोषिक परत घेतले. छायाचित्रकाराने तो आरोप नाकारला, पण निर्णय बदलला नाही. धाकट्याने हे सारे ऐकून घेतले आणि, “पाठवत नाही,” एवढेच म्हणाला. रागाने म्हणाला की पटून, हे त्या रात्री कोणाला कळले नाही. पुढच्या बैठकीला तो आला नाही.

मार्चमध्ये गट पुन्हा कुंभारगावला गेला तेव्हा काकांनी होडीत पाय ठेवण्यापूर्वीच बोलणे केले. “पक्षी उडाले काय, न उडाले काय, भाडे तेच. वरचे काही नाही. होडी थोडी अलीकडेच थांबवा.”

होडीवाला हसला. म्हणाला, “शेठ, आम्हाला काय हौस आहे? माणसं पैसे देऊन येतात नि म्हणतात, उडव. नाही उडवलं तर पुढच्या खेपेला दुसऱ्याची होडी करतात. असं सांगणारे चार लोक जास्त आले तर आमचंही बरं. उडून उडून पक्षी लांबच बसायला लागलेत.”

त्या दिवशी होडी थव्यापासून बऱ्याच अंतरावर, इंजिन बंद करून, बांबूच्या आधाराने उभी राहिली. पहिली वीस-पंचवीस मिनिटे काहीच घडले नाही. महाविद्यालयीन मुलगी कंटाळून जवळच्या शेकाट्यांच्या मागे लागली. मग चरता चरता थव्याची एक कड आपणहून होडीच्या दिशेने सरकू लागली, इतकी की चिखल ढवळणाऱ्या त्या पायांचा आवाज ऐकू यावा. भिंगे लांब पल्ल्याची असूनही दोघांना ती आखडती घ्यावी लागली. उड्डाण कोणालाच मिळाले नाही. काकांना मात्र एक पिलू मिळाले, अजून राखाडी, गुलाबी न झालेले, मोठ्यांच्या पायांच्या जंगलात डोके उलटे करून गाळायला शिकणारे.

एप्रिलच्या बैठकीत ते छायाचित्र भिंतीवर आले. धाकटा कापडवाला त्या दिवशी मागच्या बाजूला येऊन बसला होता. नाव ठाऊक नसतानाही त्याने टीका केली ती अशी : “डोळ्यावर नेमकेपणा नाही, पुढच्या पायावर गेला आहे. आणि उजवीकडचा अर्धा पक्षी कापायला हवा होता.”

दोन्ही मुद्दे बरोबर होते. काकांनी वहीत टिपून घेतले. पुढच्या हंगामातील पहिल्या सहलीची सूत्रे धाकट्याकडे आली आहेत. त्याने वेळ पहाटे चारची लावली आहे.