करवलीचे पार्लर

लग्नसराई आली की पालघर, बोईसर-तारापूर पट्ट्यातल्या ब्यूटी पार्लरमध्ये नवरीबरोबर करवलीही येते. ही करवली कधी कधी जेमतेम पाच-सहा वर्षांची असते. आईची हौस, मुलीचा हट्ट. मग मेंदी, केस सरळ करणे, चेहरा ‘उजळ’ करणे असे सगळेच होते. फुलांचा गजरा, फार तर नखांना रंग इथवर ठीक आहे. पुढचे मात्र जपून.

सगळ्यात फसवी मेंदी. पानांची मेंदी रंगायला काही तास लागतात आणि रंग केशरी-तपकिरी येतो. थोड्याच वेळात काळीभोर चढणाऱ्या मेंदीत बहुधा पीपीडी हे केस रंगवण्याचे रसायन मिसळलेले असते. त्याने फोड येतात, डाग राहतात. एकदा ॲलर्जी जडली की ती सहसा आयुष्यभराची. मोठेपणी केस रंगवतानाही चेहरा सुजू शकतो.

तान्ह्या बाळाला तर शुद्ध मेंदीही नको. जी-६-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असेल, तर मेंदीतल्या लॉसोनमुळे बाळाच्या तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते. ही कमतरता पारशी समाजात आणि काही आदिवासी जमातींत तुलनेने अधिक आढळते. डहाणूच्या चिकूवाड्या आणि जव्हारचे पाडे ज्या जिल्ह्यात आहेत, तिथे हे ठाऊक असायलाच हवे.

केस सरळ करण्याच्या काही द्रावणांतून, इस्त्रीची उष्णता लागताच, फॉर्मल्डिहाइडची वाफ निघते. डोळे चुरचुरतात, खोकला लागतो. एमआयडीसीत रसायने हाताळताना वडील मास्क आणि हातमोजे घालतात. खुर्चीतल्या मुलीला यातले काहीच नसते.

गोऱ्या रंगाची हौस याहून महाग पडते. अकोल्यात स्थानिक पार्लरमधून आणलेले क्रीम वापरणाऱ्या एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडे बिघडली; क्रीममध्ये पारा असल्याचे मुंबईच्या केईएम रुग्णालयातील तपासणीत समोर आले. हे प्रकरण २०२३ मध्ये गाजले. त्या मोठ्या होत्या. लहान मुलांत वजनाच्या मानाने त्वचेचा पृष्ठभाग जास्त असतो, त्यामुळे तेवढ्याच क्रीमची मात्रा मुलाला अधिक भारी पडते. उत्पादकाचे नाव-पत्ता किंवा घटकांची यादी नसलेली डबी मुलांच्या हाती देऊच नये.

मेंदी लावल्यावर जळजळ झाली, तर लगेच भरपूर पाण्याने धुवावी आणि फोड दिसताच त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे. मेंदीचा कोनही सोबत न्यावा.