थंडी घरातली, काळजी वडीलधाऱ्यांची

शिकागोच्या मानाने आपल्या सनीव्हेलला थंडी ती काय! डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा चाळीस अंश फॅरनहाइटच्या आसपास येतो, गोठणबिंदूखाली क्वचितच. म्हणूनच आपण गाफील राहतो. भारतातून आलेल्या आई-वडिलांना मात्र ही थंडी घरात बसूनही बाधू शकते.

वयोमानाने अंगातली ऊब टिकवण्याची शक्ती कमी होते. मधुमेह, थायरॉइडचे विकार आणि झोपेची काही औषधे त्यात भर घालतात. ६० ते ६५ अंशांच्या घरातही वृद्धांना हायपोथर्मिया होऊ शकतो, म्हणजे शरीराचे तापमान ९५ अंशांखाली जाते, असे 'नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंग' ही सरकारी संस्था सांगते. थर्मोस्टॅट किमान ६८ वर ठेवावा.

मुले कामावर गेली की "उगाच बिल कशाला?" म्हणून हीटर बंद करणारे आई-बाबा पुष्कळ घरांत आहेत. पाहुण्यांना मेडिकेअर नसते. इस्पितळातला एक दिवस अख्ख्या हिवाळ्याच्या बिलापेक्षा महाग पडतो, हे त्यांना समजावून सांगा. कुटुंबाचे उत्पन्न बेताचे असेल तर पीजी अँड ई कंपनीच्या 'केअर' योजनेत गॅसच्या बिलावर २० टक्के सवलत मिळते. अर्ज जरूर करावा.

उबेसाठी ओव्हन किंवा कोळशाची शेगडी घरात पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडने जीव जातो.

बोलणे जड होणे, गोंधळणे, सुस्ती ही लक्षणे "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. ताबडतोब ९११ ला फोन करा. मदत येईपर्यंत कोरड्या ब्लँकेटात गुंडाळा; हातपाय चोळू नका, ब्रँडी देऊ नका.