निसर्गाचा सफाई कामगार : गिधाड

वनस्पती, प्राणी, पक्षी व सूक्ष्मजीव यांच्या विविधतेला जैवविविधता म्हणतात. हे सारे जीव परस्परांवर अवलंबून असतात. त्यांपैकी एकाचा ऱ्हास झाला, तरी त्याचे परिणाम माणसालाही भोगावे लागतात. गिधाडाचेच उदाहरण पाहू.

मेलेल्या जनावरांचे मांस खाऊन गिधाडे परिसर स्वच्छ ठेवतात. भारतात पूर्वी त्यांचे मोठे थवे दिसत. मात्र १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. डायक्लोफिनॅक हे जनावरांना दिले जाणारे वेदनाशामक औषध याला कारणीभूत असल्याचे २००४ साली संशोधनातून उघड झाले. हे औषध दिलेले जनावर मेल्यावर गिधाडांनी खाल्ले, की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. गिधाडे कमी होताच मृत जनावरे उघड्यावर कुजू लागली, भटकी कुत्री वाढली आणि रेबीजचा धोकाही वाढला.

जनावराच्या वेदना कमी कराव्यात, हाच माणसाचा हेतू होता; अनर्थ घडला तो अज्ञानामुळे. २००६ साली या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर भारतात बंदी आली. मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय उपलब्ध आहे. हरियाणातील पिंजोर येथे गिधाडांचे प्रजनन केंद्रही उभारले गेले. तथापि गिधाडाची मादी एका हंगामात साधारणतः एकच अंडे घालते; त्यामुळे ही हानी भरून येण्यास दीर्घ काळ लागेल.

केवळ कायदा पुरेसा नाही. आजारी जनावराला पशुवैद्याच्या सल्ल्यानेच सुरक्षित औषध देणे, हेदेखील जैवविविधतेचे संरक्षणच होय.