ओम्ब्रीनचे माहेर आणि आपली खाडी

ओम्ब्रीन हे नाव आता आपल्या बेटावर सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. शाळेतील मुलांना माशांची नावे विचारावीत तर कापितेन, कोर्दोनिये, कारांग यांच्या जोडीला ती ओम्ब्रीनही बिनदिक्कत सांगून टाकतात. परंतु वाचकहो, ही मासळी आपल्या लागूनमधली नव्हे. २००० सालानंतर ग्रां पोरच्या बाजूस समुद्रातील पिंजऱ्यांत ती वाढविली जाऊ लागली आणि तेथून ती आपल्या ताटात आली. तिचे माहेर आहे अमेरिकेचा आग्नेय किनारा आणि मेक्सिकोचे आखात. तेथे तिला रेडफिश म्हणतात. पाहुण्यांना होडीत बसवून तिच्या शोधात खाजणातून फिरविणे, हा तेथे कित्येक कुटुंबांचा पिढीजात म्हणावा असा धंदा आहे. या धंद्याची हकिगत आम्ही मुद्दाम सांगत आहोत, कारण ती आपल्या किनाऱ्यावरील घरांच्या कामाची आहे.

लुइझियाना प्रांताचा दक्षिण भाग म्हणजे मिसिसिपी नदीने आणून टाकलेल्या गाळाचा प्रदेश. १८०३ साली नेपोलियनने तो अमेरिकेला विकला, आणि १८१० साली आपले बेट इंग्रजांच्या हाती गेले. राज्ये बदलली तरी फ्रेंच वळणाची नावे दोन्हीकडे टिकून राहिली. तेथील संथ खाडीला 'बायू' म्हणतात. शब्द मूळचा चोक्टॉ या आदिवासींचा, पण फ्रेंचांच्या तोंडून रूढ झालेला. आपल्या घरातील ज्या वडीलधाऱ्यांनी रत्नागिरी-सावंतवाडीकडच्या गोष्टी आजोबांकडून ऐकल्या असतील त्यांना खाजण म्हणजे काय ते सांगावयास नको: अर्धे पाणी, अर्धी जमीन, चिखल, गवत आणि त्यातून वळणे घेत जाणारे खारे ओहोळ. लुइझियानाचे खाजण असेच आहे. मात्र कोकणात उधाणाचे पाणी सुमारे दोन मीटर चढते-उतरते, तर तेथे ते जेमतेम फूटभर, तेही बहुधा दिवसातून एकदाच. पाणी हलविते ते वाराच. हिवाळ्यात उत्तरेचा गार वारा सुटला की खाजणातील पाणी समुद्राकडे ढकलले जाते, उथळ तळी उघडी पडतात आणि मासे खोल ओहोळात गोळा होतात. वाटाड्याने पहाटे पंचांगाइतकाच वाराही पाहावा लागतो, तो यासाठी.

त्याची होडी सपाट तळाची असते. मासे जवळ आले की तो यंत्र बंद करतो, मागच्या उंच चौथऱ्यावर उभा राहतो आणि लांब काठीने होडी पुढे रेटतो. आपले पिरोगवाले गोलेत टाकतात तसेच हे काम. दीड-दोन फूट पाण्यात रेडफिश डोके खाली घालून चिखलातील खेकडे आणि कोळंबी उकरीत असतो, तेव्हा त्याची शेपटी पाण्याबाहेर येते. शेपटीच्या बुडाशी काळा ठिपका. वाटाडा तो लांबून हेरतो आणि पाहुण्याला गळ नेमका कोठे टाकावयाचा ते हलक्या आवाजात सांगतो. नवशिक्यांसाठी दुसरी युक्ती आहे. गळाच्या वर एक पोकळ तोंडाचे बूच बांधून खाली कोळंबी लावतात. दोरीला हिसका दिला की बूच डुबुक असा आवाज करते. कोणीतरी खात आहे असे वाटून मासा चौकशीला येतो. (माणसांच्या पंगतीतही हे चालते!)

हे काम कोणीही उठून करू शकत नाही. भाड्याने माणसे नेणाऱ्या नावाड्याला तटरक्षक दलाचा परवाना लागतो. लहान परवान्यावर जास्तीत जास्त सहाच पाहुणे नेता येतात. मासा किती घ्यावयाचा हेही ठरलेले असते, आणि या नियमामागे एक कहाणी आहे. १९८० च्या दशकात न्यू ऑर्लिन्सचे बल्लवाचार्य पॉल प्रुडोम यांनी तापल्या तव्यावर मसाल्यात काळा केलेला रेडफिश लोकप्रिय केला. सगळ्या अमेरिकेला तो हवासा झाला. समुद्रात अंडी घालण्यासाठी जमलेले मोठ्या माशांचे थवेच्या थवे जाळ्यांनी उपसले गेले. तेव्हा केंद्र सरकारने आपल्या हद्दीतील पाण्यात बंदी घातली आणि १९८८ साली लुइझियानाने ही मासळी विक्रीसाठी पकडणे थांबवून गळवाल्यांपुरती राखून ठेवली.

मासा लहानपणी खाजणात वाढतो. तीन-चार वर्षांनी मोठा झाला की बाहेर समुद्रात जातो, आणि चाळीस वर्षांपर्यंतही जगतो. अंडी घालणारे खरे तेच. पुढे असे दिसून आले की खाजणातून सुटून समुद्रापर्यंत पोहोचणाऱ्या तरुण माशांची संख्या पुरेशी नाही. म्हणून जून २०२४ पासून नियम कडक झाला: माणशी पाचऐवजी चार मासे, लांबी १८ ते २७ इंच, म्हणजे सुमारे ४६ ते ६९ सेंटिमीटर, त्याहून मोठा एकही नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वाटाड्याने आणि त्याच्या मदतनिसाने पाहुण्यांच्या फेरीत स्वतःच्या नावावर एकही मासा घ्यावयाचा नाही. पूर्वी त्यांचा वाटा पाहुण्यांच्या पेटीत जात असे. आम्हांला हे कलम फार शहाणपणाचे वाटते. वाटाड्याला मोबदला मिळतो तो त्याच्या ज्ञानाचा. मासा वेगळा मोजला जातो.

नियम असला तरी जमीन राहिली पाहिजे. नदीला घातलेले बांध, तेलासाठी खणलेले कालवे, खचणारा गाळ आणि चढणारा समुद्र यांमुळे १९३२ ते २०१६ या काळात लुइझियानाने सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर किनारपट्टी गमावली. आपले मॉरिशस बेट सुमारे १,८६५ चौरस किलोमीटरांचे. म्हणजे आपल्यासारखी अडीचहून अधिक बेटे पाण्यात गेली! त्यात २० एप्रिल २०१० रोजी डीपवॉटर होरायझन या तेलविहिरीच्या तराफ्याचा स्फोट झाला. अकरा माणसे मेली आणि ८७ दिवस तेल वाहत राहिले. मासेमारी बंद पडली. कित्येक वाटाड्यांच्या होड्या पाहुण्यांऐवजी तेल अडविण्याचे सामान वाहू लागल्या.

हे वाचताना आपल्या मनात २०२० साल आल्यावाचून राहणार नाही. २५ जुलै रोजी वाकाशिओ जहाज प्वांत देस्नीजवळ खडकावर चढले, ६ ऑगस्टला तेल सुटले. सुमारे एक हजार टन. उसाच्या पाचोळ्याचे लांब गुंडाळे शिवून लोकांनी ते अडविले. रिव्हिएर दे क्रेओल आणि व्हिए ग्रां पोरच्या बाजूला मांगलियेची मुळे काळी झाली. तिकडील मच्छीमारांचा व्यवसाय अनेक महिने बंद होता. मांगलिये म्हणजे कोकणातली तिवरे. एकेकाळी सरपणासाठी आणि होड्यांच्या वाटेसाठी आपण ती बेसुमार तोडली. १९९५ पासून सरकारने ती पुन्हा लावावयास घेतली. आज त्याच मुळांत माशांची पिल्ले आणि कार्ले खेकडे आसरा घेतात.

मग प्रश्न असा की, लुइझियानातील खाजणवाल्यांसारखी वाटाड्याची मासेमारी आपल्या काझ नोयाल, ला गोलेत, बांबू व्हिर्‍यो येथील पिरोगवाल्यांनी का करू नये? पाहुणे रिव्हिएर न्वारहून मार्लिनसाठी खोल समुद्रात जातात. तो धंदा मोठ्या बोटींचा आणि मोठ्या भांडवलाचा. किनाऱ्यालगतचे पाणी ज्याला तळहातासारखे ठाऊक आहे तो मात्र बेनितिये बेटावर पाहुण्यांची ने-आण करतो, नाहीतर घरी बसतो. १ ऑक्टोबरपासून फेब्रुवारीअखेर मोठी जाळी बंद असतात. गळाला मात्र तेव्हाही वाव असतो.

आम्ही हे काझ नोयालकडील एका वृद्ध मच्छीमार काकांपुढे मांडले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "गुरुजी, खावयाचा नाही तर मासा पकडावयाचा कशाला?" पाहुणा फोटो काढून मासा पाण्यात सोडतो, हे त्यांना अन्नाशी खेळणे वाटते. आम्हांला त्यांचे म्हणणे अर्धे पटते. गळ खोल गिळलेला मासा सोडला तरी वाचेलच असे नाही. उन्हात पाच मिनिटे हातात धरलेला तर नाहीच. परंतु अंडी घालणारा मोठा मासा, तोंडाच्या कडेला गळ लागलेला, ओल्या हाताने पाण्यातल्या पाण्यात सोडला तर तो जगतो, हेही तितकेच खरे.

काकांचा दुसरा प्रश्न अधिक अवघड होता. हॉटेलवाले मध्ये पडले तर फेरीचा पैसा कोणाला? लुइझियानात परवाना नावाड्याच्या नावावर असतो, होडीही बहुधा त्याचीच. आपल्याकडे सुरुवातच अशी व्हावी की नोंदणी झालेल्या मच्छीमारालाच प्रथम परवाना मिळावा, पाहुण्यांचे मासे किनाऱ्यावर मोजले जावेत, आणि लांबीची मोजपट्टी प्रत्येक पिरोगेत असावी. फ्रेंच-इंग्रजी बोलणारी नातवंडे घरोघरी आहेतच. काकांचा नातू सध्या एबेन येथे कचेरीत कामाला जातो. शनिवारी तो आजोबांबरोबर पाण्यात उतरतो. मुले कोठे येतात, कारांग कोणत्या वेळी मांगलियेच्या कडेला फिरतो, हे तो वहीत लिहून ठेवू लागला आहे. आजोबा सांगतात, तो लिहितो. आणि वही अजून अर्धीदेखील भरलेली नाही.